दाढीचा फेस

दाढीचा साबण किंवा क्रीम पाण्याबरोबर ब्रशने घोटून तयार केलेला दाट, बारीक बुडबुड्यांचा फेस. वस्तरा किंवा सेफ्टी रेझर चालवण्याआधी तो चेहऱ्यावर लावतात. दाढीच्या खुंटांभोवती पाणी धरून ठेवणे, पाते आणि त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखणे आणि पाते कुठे फिरले, कुठे राहिले हे दाखवणे ही त्याची कामे. त्यांतले पहिले सर्वांत मोलाचे असूनही त्याकडेच जास्त दुर्लक्ष होते. फेस किती फुगला यावरून त्याची पारख करू नये. त्यात पाणी किती मुरले आहे ते पाहावे.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, तो मऊ पडतो आणि बऱ्याच कमी जोरात कापला जातो. कोमट पाण्याने हे काम दोन-तीन मिनिटांत होते, म्हणून अंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. साबण स्वतः केस मऊ करत नाही. केसांवरचा तेलकट थर काढून तो पाण्याला वाट करून देतो आणि आत शिरलेले पाणी सुकू देत नाही. त्यामुळे चेहरा नीट भिजवलेला नसेल तर उत्तम फेसही अर्धेच काम करतो.

अंगाच्या साबणाने दाढी नीट होत नाही, कारण दोन्ही साबणांची घडणच वेगळी असते. अंगाचा साबण सहसा कॉस्टिक सोड्यापासून बनतो. तो कडक असतो आणि त्याचा फेस लवकर बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल (चरबीत आढळणारे एक आम्ल) भरपूर असते आणि सोड्याच्या जोडीला, किंवा त्याऐवजी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलेले असते. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. स्टिअरिक आम्लाचा फेस उशिरा येतो, पण बारीक असतो आणि टिकतो. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाचा फेस झटपट आणि मोठा येतो, मात्र लवकर विरतो. म्हणून साबण बनवणारे दोन्हींचा मेळ घालतात. ग्लिसरिनमुळे फेसातले पाणी उडून जायला वेळ लागतो.

साबणाइतकेच महत्त्व पाण्याला आहे. जड (दुष्फेन) पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तेवढा साबण वाया जातो आणि फेस भुसभुशीत होतो. अशा ठिकाणी ब्रशवर नेहमीपेक्षा जास्त साबण घ्यावा लागतो. पाणी उकळून घेतल्यास त्यातला काही जडपणा जातो. कितीही घोटून फेस जमतच नसेल, तर साबणाला दोष देण्याआधी एकदा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने करून पाहावे. फेस जमला, तर खोट पाण्यात आहे हे नक्की होते.

ब्रश बॅजर (बिळात राहणारा एक केसाळ प्राणी), डुक्कर किंवा घोड्याच्या केसांचे आणि कृत्रिम तंतूंचे असतात. डुकराच्या केसांचा ब्रश वापरापूर्वी काही मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा लागतो. नवा असताना तो राठ लागतो. वापरात केसांची टोके फाटून मऊ होतात. बॅजरचा ब्रश पाणी भरपूर धरतो. कृत्रिम तंतू पाणी शोषत नाहीत, त्यामुळे त्यांना भिजवण्याची गरज नसते आणि सुरुवातीला पाणी कमी लागते. उकळते पाणी कोणत्याच ब्रशला मानवत नाही.

फेस करण्यातली निम्मी कसोटी ब्रशवर साबण घेण्यातच लागते, आणि घाई नेमकी इथेच केली जाते. भिजलेला ब्रश हलका झटकून साबणावर गोल गोल फिरवावा. आधी मोठाले, पाणचट बुडबुडे उठतात. ते मोडत जातात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ब्रशच्या टोकांवर दाट, गुळगुळीत लेप जमतो. हा लेप दिसेपर्यंत थांबू नये. साबण कडक असेल तर त्याच्यावर आधी थोडे गरम पाणी घालून दोन-तीन मिनिटे ठेवतात. क्रीम मात्र अंगठ्याच्या नखाएवढे पुरते.

त्यानंतर पाणी घालायचे, तेही थेंबाथेंबाने. ब्रशची नुसती टोके पाण्यात बुडवून दहा-पंधरा सेकंद घोटावे, फेस पाहावा, मग पुन्हा पाणी घ्यावे. सुरुवातीचा लेप मंद, खडूसारखा पांढरा दिसतो. पाणी मुरत गेले की बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि पृष्ठभागावर ओलसर चमक येते. ही चमक म्हणजे फेस तयार झाल्याची खूण. ब्रश उचलला की शेंडा उभा राहतो, पण त्याचे टोक किंचित वाकते. खात्री करायची तर थोडा फेस अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळावा. बोटे सरसर घसरली पाहिजेत. चिकटली तर पाणी कमी आहे.

ताठ शेंड्यांचा, भरगच्च दिसणारा फेस अनेकांना उत्तम वाटतो. प्रत्यक्षात तो बहुधा कोरडा असतो. चेहऱ्यावर तो एक-दोन मिनिटांतच सुकू लागतो, पात्यात अडकतो आणि पाते ओढत जाते. अशा फेसात थोडे पाणी घालून पुन्हा घोटले की तो सुधारतो. उलट, फार ओला फेस गालावरून ओघळतो आणि त्यात बुडबुडे स्पष्ट दिसतात. तो सुधारायला नुसते घोटून भागत नाही, ब्रश पुन्हा साबणावर फिरवावा लागतो. तिसरा दोष ओळखायला सर्वांत कठीण: थोड्याशा साबणात जोरजोराने हवा भरून केलेला हलका फेस. तो वाटीभर दिसतो, पण बोटांत दाबला की हाती काहीच उरत नाही. शंका असेल तेव्हा साबण जास्तच घ्यावा. जास्त साबण पाणी घालून सावरता येतो, कमी साबणाला तो उपाय चालत नाही.

फेस वाटीत, तळहातावर किंवा थेट चेहऱ्यावर करतात. वाटीत पाण्याचे प्रमाण डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. तिच्या तळाशी खाचा असल्या तर ब्रशला पकड मिळते. चेहऱ्यावर घोटण्याचा फायदा वेगळा आहे: ब्रशच्या फिरण्याने खुंट उचलले जातात आणि फेस त्यांच्या मुळापर्यंत पोचतो. त्वचा नाजूक असेल तर मात्र या घर्षणाने आग होते. तिथे वाटीत केलेला फेस रंगाच्या कुंचल्याप्रमाणे सावकाश फासावा. ब्रश किंचित पसरेल इतकाच दाब पुरे. मुळाशी चेपला तर केस तुटतात.

पात्याचा पहिला हात केसांच्या दिशेने, पुढचा आडवा किंवा उलटा. प्रत्येक हातापूर्वी चेहरा ओला करून फेस नव्याने लावावा. ब्रशमधला फेस तोवर थोडा आळलेला असतो, म्हणून दुसऱ्या वेळी त्यात काही थेंब पाणी घालणे हिताचे.

ब्रशशिवाय लावायचे ‘बार्बासॉल’ हे क्रीम १९१९ मध्ये अमेरिकेत फ्रँक शील्ड्स यांनी आणले, आणि १९४९ मध्ये ‘राइज’ हा दाबाच्या डब्यातला फेस तिथेच बाजारात आला. डब्यातला फेस तयार होऊनच बाहेर पडतो; आपल्या दाढीला आणि पाण्याला साजेसा तो घडवता येत नाही, ही त्याची मोठी उणीव. त्यापूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अँथ्रॅक्स या जनावरांपासून होणाऱ्या घातक रोगाची लागण झाली होती. त्यानंतर ब्रशच्या केसांच्या निर्जंतुकीकरणावर कटाक्षाने लक्ष दिले जाऊ लागले.

दाढीनंतर ब्रशच्या मुळाशी साबण राहिला तर तो तिथे साठतो आणि केस ताठर होतात. म्हणून बोटांनी केस फाकवून स्वच्छ पाण्याने धुवावा, पिळण्याऐवजी हलकेच दाबून पाणी काढावे आणि झटकून मोकळ्या हवेत वाळू द्यावा. ओला ब्रश बंद डब्यात ठेवल्यास त्याला कुबट वास येतो.