७.५ ठेवायचं की ८.० घ्यायचं? एव्हीजीच्या फेररचनेची पार्श्वभूमी

एप्रिल २००८ मध्ये एव्हीजी या अँटीव्हायरसची मोफत आवृत्ती ८.० आली, तेव्हा जगभरच्या कोट्यवधी विंडोज एक्सपी मशीनवर आधीची ७.५ बिनबोभाट चालली होती. घड्याळाशेजारी चार रंगांचा छोटा चौकोन आणि रोजचं अपडेट, एवढाच त्याचा वावर. मग एके दिवशी त्याच चौकोनातून निरोप झळकू लागला: हे व्हर्जन बंद होणार आहे, नवीन घ्या. घ्यावं की नाही, यावर त्या उन्हाळ्यात जे वाद झाले, ते आज नव्या रूपातला कुठलाही अँटीव्हायरस समोर आला की पुन्हा होतात. फक्त नावं बदललेली असतात.

मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसांच्या काळात, १९९१ साली, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात ही कंपनी सुरू झाली. त्याच दशकात पुण्यातही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानातून डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीसाठीचा अँटीव्हायरस तयार झाला आणि पुढे देशभर गेला. त्या पिढीच्या सगळ्याच प्रोग्रामांचं काम एकसारखं होतं. मशीनमधली फाइल उघडायची, ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांशी ताडून पाहायची, जुळली तर बाजूला काढायची. ७.५ याच परंपरेतलं होतं. ८.० नं ही परंपरा मोडली, आणि वाद त्यावरच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे नव्या खिडकीच्या दिसण्यावरच गेले. आधीच्या दोन खिडक्यांऐवजी आता एकच खिडकी, आणि तीत प्रत्येक घटकाचं मोठं चित्र. कुणाला ते सुटसुटीत वाटलं, कुणाला खेळण्यासारखं.

पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण त्या गुंत्यापायी अनेकांनी चुकीच्या भीतीनं निर्णय घेतला. आपण बोलताना 'अपडेट मारलं का?' असं सरसकट विचारतो. अँटीव्हायरसच्या बाबतीत या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, व्हायरसांच्या ओळखीची यादी. ती रोज येते, कधी दिवसातून अनेकदा. दुसरी, ती यादी वापरून फाइल तपासणारं इंजिन. तिसरी, या दोन्हींना सामावणारा अख्खा प्रोग्राम, त्याची खिडकी, त्याचे घटक, ब्राउझरमध्ये शिरणारे त्याचे हात. यादी बदलते ते अपडेट, प्रोग्राम बदलतो ते अपग्रेड. मराठी इंटरफेसमध्ये नंतर 'अद्यतन' आणि 'श्रेणीसुधारणा' असे दोन शब्द आले खरे, पण बोलण्यात ते रुळले नाहीत.

याचा परिणाम असा झाला की 'तुझा अँटीव्हायरस जुना आहे' हे वाक्य ऐकलं की माणूस हादरायचा. खरं तर ७.५ लाही ताजी यादी पोहोचत होती. काल सापडलेला व्हायरस आज ते ओळखू शकत होतं. जुनं होतं ते इंजिनाभोवतीचं घर. दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या धाटणीचा हल्ला केवळ यादीनं थांबत नाही, त्यासाठी कधी ना कधी इंजिन बदलावंच लागतं. म्हणजे अपग्रेड कायमचं टाळता येत नाही. पण ते आज रात्रीच करायला हवं, अशी घाईही नसते. उत्पादकाच्या झळकत्या निरोपात हा फरक कधीच नसतो, आणि ही तक्रार मी आजही तितक्याच गांभीर्यानं करतो.

८.० मध्ये नेमकं काय होतं? स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम, शोधणारं वेगळं साधन, जे कंपनीनं २००६ मध्ये एका जर्मन कंपनीसह विकत घेतलं होतं, ते आता मूळ प्रोग्राममध्ये मिसळलं होतं. ही सोय खरोखर चांगली होती, दोन प्रोग्राम चालवायची गरज संपली. विंडोज ९८ आणि एमई या जुन्या प्रणालींचा आधार मात्र गेला. ९८ चा अधिकृत आधार जुलै २००६ मध्येच संपला होता, त्यामुळे कंपनीला दोष देता येत नाही. पण ज्यांची मशीन अजून त्यावरच चालत होती, त्यांच्यासाठी हा प्रश्न परस्पर सुटला. ब्राउझरमध्ये बसणारी एक शोधपट्टीही सोबत आली. आणि आलं लिंकस्कॅनर, शोधनिकालांतले दुवे आधीच तपासणारा घटक.

लिंकस्कॅनर हे मूळचं ब्रनोचं नव्हे. ते बनवणारी अमेरिकी कंपनी डिसेंबर २००७ मध्ये विकत घेतली गेली, आणि पाच महिन्यांच्या आत ते मोफत आवृत्तीतून जगभर पोचलं. इतक्या मोठ्या बदलासाठी हा वेळ फार थोडा होता असं माझं मत आहे, आणि पुढे जे झालं त्यानं ते पक्कं झालं.

कल्पना अशी. तुम्ही गुगलवर काही शोधलं, दहा निकाल आले. तुम्ही एकावरही क्लिक करण्याआधी लिंकस्कॅनर त्या दहाही पानांवर जाऊन येणार, त्यांत घातक कोड आहे का पाहणार आणि प्रत्येक दुव्यापुढे हिरवी किंवा लाल खूण करणार. सामान्य माणसाला हे फार आश्वासक वाटलं, आणि का वाटू नये? त्या काळात चांगल्या, नावाजलेल्या साइट फोडून त्यांत घातक कोड घुसवण्याचे प्रकार वाढत होते. साइट ओळखीची आहे एवढ्यावर विसंबणं धोक्याचं झालं होतं.

अडचण दुसऱ्या टोकाला होती. ज्याची साइट होती, त्याला एक वाचक यायच्या ठिकाणी न वाचणारे अनेक पाहुणे दिसू लागले. सर्व्हरच्या नोंदी वाचून वाचकसंख्या मोजणाऱ्या साधनांचे आकडे फुगले. पानात जावास्क्रिप्टचा तुकडा टाकून मोजणारे वाचले, कारण लिंकस्कॅनर तो तुकडा चालवत नव्हतं. छोट्या साइटवाल्यांना बँडविड्थचे, म्हणजे साइटवरून उतरणाऱ्या माहितीचे, पैसे मोजावे लागत, आणि ते पैसे आता न आलेल्या वाचकांसाठी जाऊ लागले.

साइटवाल्यांनी नोंदी बारकाईनं पाहिल्या, तेव्हा एक खूण सापडली. लिंकस्कॅनर स्वतःची ओळख इंटरनेट एक्सप्लोरर ६ अशी देत होतं, पण त्या ओळखीच्या शेवटी १८१३ हा आकडा होता. मग तो आकडा दिसला की पाहुण्याला गाळायचं, असे उपाय ठिकठिकाणी लिहिले गेले. काहींनी तर ही रहदारी उलट अँटीव्हायरसच्या कंपनीकडेच वळवायचं सुचवलं. त्यावर कंपनीनं जे केलं, तो या साऱ्या प्रकरणातला सर्वात वादग्रस्त निर्णय. तिनं ओळख आणखी झाकली. आता लिंकस्कॅनरचा पाहुणा आणि खरा एक्सप्लोरर ६ वापरणारा माणूस यांत फरक करणं अवघड झालं.

कंपनीची बाजू पोकळ नव्हती, ती नीट मांडायला हवी. तपासनीस गणवेशात आला तर चोर माल लपवणारच. घातक साइटला कळलं की हा पाहुणा अँटीव्हायरसचा आहे, तर ती त्याला स्वच्छ पान दाखवणार आणि माणसाला विषारी. त्यामुळे वेषांतर हा तपासणीचा भागच होता. पण घातक साइटसाठी घेतलेलं हे वेषांतर लाखो निरपराध साइटवरही चालवलं गेलं, त्यांना न विचारता, त्यांच्या खर्चानं. शिवाय पान तपासल्यानंतर आणि माणूस तिथे पोचेपर्यंत ते बदलू शकतं, म्हणजे हिरवी खूण खूण करतानापुरतीच खरी. पान उघडताना तपासणारी ढालही लिंकस्कॅनरच्या तंत्रात होती. ती माणसाला त्याच क्षणी वाचवत होती आणि कुणाला जास्तीचा भुर्दंडही पाडत नव्हती. मग दहा पानं आधीच पालथी घालण्याची गरज कितपत होती? साइटवाल्यांचा राग मला तेव्हाही रास्त वाटला होता, आजही वाटतो.

वापरणाऱ्याच्या बाजूनंही याला किंमत होती, आणि ती आपल्याकडे अधिक जाणवणारी होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगालाच ब्रॉडबँड म्हटलं होतं, आणि अनेक घरगुती प्लॅनांत महिन्याचे एमबी मोजून मिळत. प्रत्येक शोधामागे न पाहिलेली दहा पानं उतरवणं अशा ग्राहकाला परवडणारं नव्हतं. त्यातून इथल्या घरांतला, सायबर कॅफेंतला आणि झेरॉक्सच्या दुकानांतला खरा उपद्रव पेन ड्राइव्हवरून यायचा, ड्राइव्ह लावताच आपोआप चालणाऱ्या ऑटोरनच्या फाइलमधून. त्यावर लिंकस्कॅनरचा काही उपयोग नव्हता.

हा घटक बंद करता येत होता का? येत होता, पण बंद केला की घड्याळाशेजारच्या चौकोनावर धोक्याची खूण यायची, जणू मशीन उघड्यावर पडलं आहे. जाणकार मग सेटअप चालवतानाच आज्ञेपुढे काही शब्द जोडून हे घटक वगळत आणि ती युक्ती एकमेकांना सांगत. नेहमीच्या माणसाला ती कळणं शक्यच नव्हतं. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, सगळं घ्या किंवा जुनं ठेवा.

जुलै २००८ मध्ये कंपनीनं माघार घेतली. शोधाच्या प्रत्येक निकालावर प्रत्यक्ष जाऊन येणं थांबलं, खुणा आता यादीच्या आधारे होऊ लागल्या. दुरुस्ती अपडेटमधूनच पोचली. अपग्रेड रोखून धरणाऱ्यांचं सर्वात मोठं कारण असं अडीच-तीन महिन्यांत गळून पडलं. थांबलेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मात्र थांबलेले आणि पुढे गेलेले दोघेही सापडले. एका सदोष यादीमुळे प्रोग्रामनं विंडोजची user32 नावाची, प्रणालीच्या मुळाशी असलेली फाइल बँकेचे पासवर्ड चोरणारा ट्रोजन, म्हणजे साळसूद वेषातला घातक प्रोग्राम, ठरवली. ज्यांनी विश्वासानं 'काढून टाका' म्हटलं, त्यांचं एक्सपी पुन्हा सुरू होईना. डच, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतल्या विंडोजला हा फटका बसला, ८.० वर आणि ७.५ वरही. प्रोग्राम वेगळा, पण यादीतली चूक एकच. वर सांगितलेला अपडेट आणि अपग्रेडमधला फरक त्या दिवशी अनेकांना नव्यानं कळला. कंपनीनं नुकसान झालेल्यांना वर्षभराचा परवाना मोफत देऊ केला.

एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकी उत्पादकाच्या यादीनं एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधली (मोठ्या सुधारणासंचातली) svchost ही प्रणालीची फाइल अशीच पळवली आणि कार्यालयांमधली मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. या दोन घटनांच्या दरम्यान, सप्टेंबर २००९ मध्ये, विंडोज बनवणाऱ्यांनीच स्वतःचा मोफत अँटीव्हायरस आणला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो आतच मिळू लागला. त्यानंतर मोफत अँटीव्हायरस पुरवणाऱ्यांपुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि नव्या रूपातल्या आवृत्त्यांत शोधपट्ट्या, ब्राउझर जोडण्या, सफाईची साधनं यांची गर्दी वाढत गेली.

२००८ मधल्या वादाचा खरा वारसा इथे दिसतो. जो प्रोग्राम फक्त फाइल पाहत होता, तो लिंकस्कॅनरपासून तुम्ही काय शोधता आणि कुठे जाता हेही पाहू लागला. हे पाहणं तेव्हा संरक्षणासाठी होतं, यात मला शंका नाही. पण एकदा खिडकी उघडली की तिचे इतर उपयोगही सुचतात. सप्टेंबर २०१५ मध्ये याच कंपनीनं नवं गोपनीयता धोरण जाहीर केलं. त्यात मोफत सेवेचा खर्च भागवण्यासाठी शोधाचा आणि भटकंतीचा ओळख पुसलेला इतिहास गोळा करून त्यातून कमाई करता येईल, असं उघड म्हटलं होतं. उघड सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्या एका क्रोम जोडणीत अशी त्रुटी सापडली, की सुमारे ९० लाख लोकांची ब्राउझिंगची माहिती इतर साइटना वाचता आली असती.

२०१६ मध्ये प्रागच्या दुसऱ्या एका चेक अँटीव्हायरस कंपनीनं सुमारे १.३ अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली. एकेकाळी 'हा घ्यावा की तो' असे जे दोन पर्याय होते, ते एकाच छताखाली आले. प्रागच्या कंपनीची एक उपकंपनी वापरणाऱ्यांच्या भटकंतीची माहिती विकत होती. ते बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद केली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार नियामकानं त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातीसाठी विकायला मनाई केली. माहिती विकली जात होती त्या काळात वापरणाऱ्यांना दाखवलं जात होतं ते हेच, की हा प्रोग्राम ऑनलाइन पाळत ठेवणाऱ्यांना अडवतो.