खोक्याचा पुठ्ठा वजनावर घेऊ नका

खोकी करून घ्यायला छपाईवाल्याकडे गेलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकाच आकड्यावर अडून बसतं: जीएसएम. "तीनशेचाच लावा, दिवाळीचा माल आहे, दणकट पाहिजे." छपाईवालाही वाद घालत नाही, तीनशेचा भाव काढून देतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर पुठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन. पुठ्ठा गिरणीतून वजनावर विकला जातो, त्यामुळे हिशेबाला हा आकडा सोयीचा. पण खोक्यावर आणखी आठ-दहा खोकी रचली की ते तग धरेल की बसेल, हे त्यातून कळत नाही.

टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या आणि त्याचा कोपरा तिरका, सावकाश फाडा. पुठ्ठा एकसंध नसतो, पदर सुटत जातात. सगळ्यात वर चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचा गुळगुळीत लेप असतो. शाई आत मुरू न देता वरच धरून ठेवायचं काम त्याचं. त्याखाली पांढऱ्या लगद्याचा पातळ पदर आणि मग पोट. पोट मळकट राखाडी निघालं तर तो रद्दीपासून केलेला डुप्लेक्स; मागची बाजूही राखाडी असेल तर ग्रे बॅक, पांढरी असेल तर व्हाइट बॅक. पोट पिवळसर निघालं तर एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड. आणि आतबाहेर पांढराशुभ्र असेल तर एसबीएस, म्हणजे सॉलिड ब्लीच्ड सल्फेट, सगळाच रासायनिक लगद्याचा आणि या सगळ्यांत महाग.

आता खरी गंमत. ३०० जीएसएमचा ग्रे बॅक साधारण ०.४ मिलिमीटर जाड भरतो, तेवढ्याच वजनाचा एफबीबी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ जातो. कारण एफबीबीच्या पोटात लाकूड यंत्रात रगडून काढलेला लगदा असतो. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू एकत्र धरणारा घटक, काढलेलं नसतं, त्यामुळे तंतू ताठर राहतात, एकमेकांवर चपटे बसत नाहीत आणि मध्ये हवा राहते. रद्दीतले तंतू पूर्वी एकदा वाळलेले, दबलेले आणि आखूड झालेले असतात. ते दाटीने बसतात.

जाडीतला हा एवढासा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पदार्थ तोच ठेवून जाडी २० टक्के वाढवली तर ताठपणा १.७३ पट होतो. शिवाय वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या दोन पृष्ठभागांवर येतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं. रेल्वेच्या रुळाचा छेद आठवा: माल वर आणि खाली, मध्ये नुसती पट्टी. एफबीबीची रचना तशीच आहे, बाहेर मजबूत रासायनिक लगदा (रसायनांनी लिग्निन काढलेला) आणि मध्ये हलका, फुगीर. म्हणून ३५० च्या डुप्लेक्सचं काम पुष्कळदा २८० चा एफबीबी करून जातो. किलोचा भाव जास्त दिसतो, पण तेवढ्याच किलोत खोकी जास्त निघतात. हा हिशेब न करता "महाग आहे" म्हणून एफबीबी नाकारणारे खूप असतात.

दुसरी गोष्ट तंतूंच्या दिशेची, धंद्यातला शब्द ग्रेन. गिरणीत पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेनेच लांब पसरून लागतात. त्या दिशेने पुठ्ठा आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट ताठ असतो. उभ्या खोक्यात ग्रेन खोक्याभोवती आडवं फिरायला हवं, म्हणजे उभ्या घड्यांना काटकोनात. ते उभं ठेवलं तर माल भरल्यावर खोक्याचं पोट बाहेर येतं. शीटवर जास्त नग बसवायच्या नादात डिझाइन नव्वद अंशांत फिरवलं जातं आणि घोळ तिथेच होतो. ग्रेन ओळखायला प्रयोगशाळा नको. पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्याची लेप नसलेली बाजू ओली करा. तुकडा वळू लागतो, आणि त्या वळकटीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा.

असं का होतं, तर सेल्युलोजचा तंतू पाणी पिऊन जाडीत फुगतो, लांबीत जवळपास नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हाच गुण छापखान्याला छळतो. वेष्टन फोडून रात्रभर उघडं ठेवलेलं शीट ग्रेनच्या आडव्या दिशेला किंचित वाढतं, एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नाही आणि अक्षरांच्या कडेला सावली दिसू लागते. ओल धरलेला पुठ्ठा मऊही पडतो. जुलैत गोदामात रचायच्या खोक्यांचा अंदाज मार्चमधल्या नमुन्यावरून बांधू नये.

घडीबद्दल थोडं. पुठ्ठा नुसता दुमडला तर वरचा लेप तडकतो. म्हणून आधी बोथट पोलादी पट्टीने तो एका खाचेत दाबतात, याला क्रीझिंग म्हणतात. दाबामुळे आतले पदर एकमेकांपासून सुटतात आणि दुमडताना आतल्या बाजूला फुगवटा धरतात. बाहेरच्या पदरावरचा ताण कमी होतो. ०.४ मिलिमीटर पुठ्ठा आणि ०.७ मिलिमीटरची पट्टी असेल तर खाच साधारण १.३ मिलिमीटर रुंद ठेवतात. पुठ्ठा बदलला की खाचही बदलावी लागते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. कापणं आणि क्रीझ एकाच ठोक्यात करण्याची युक्ती १८७९ साली न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात अपघाताने सापडली: पिशव्यांवर घडी पाडणारी पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या.

खाण्याचा माल असेल तर मात्र ताठपणाआधी वास पाहायचा. युरोपात यासाठी रॉबिन्सन चाचणी करतात: पुठ्ठ्याचा तुकडा आणि चॉकलेट बंद बरणीत, एकमेकांना चिकटू न देता, साधारण दोन दिवस ठेवतात आणि मग जाणकार मंडळी ते चॉकलेट चाखतात. चॉकलेटमधली चरबी बाहेरचा वास चटकन ओढून घेते. महागड्या चॉकलेटसाठी एसबीएस घेतात त्याचं एक कारण हे. यांत्रिक लगद्यातले उरलेसुरले स्निग्ध घटक हवेने खराब होऊन वास सोडू शकतात; एसबीएसच्या लगद्यातून ते बरेचसे निघून गेलेले असतात.

चकली-शंकरपाळ्यांचाही पिंड चॉकलेटसारखाच, तेलातुपाचा. ग्रे बॅकमधल्या रद्दीत वर्तमानपत्रं असतात आणि वर्तमानपत्राच्या शाईत खनिज तेल. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला मनाई केली आहे, आणि हे खनिज तेल पुठ्ठ्यातून वाफेच्या रूपानेही अन्नात पोचतं. आत साधी पॉलिथिनची पिशवी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, तिच्यातून ते हळूहळू पार होतं. पॉलिएस्टर किंवा अॅल्युमिनियम फॉइलचा थर असेल तर अडतं. म्हणून फराळाच्या अर्ध्या किलोच्या खोक्याला मी २८० ते ३०० चा एफबीबी आणि आत तसा थर असलेली सीलबंद पिशवी सांगेन. साबण, बल्ब, टूथपेस्टच्या ट्यूब यांना ग्रे बॅक उत्तम चालतो, तिथे एसबीएस लावणं म्हणजे पैसे उडवणं. छपाईचा हुकूम देण्याआधी त्याच पुठ्ठ्याचं, त्याच ग्रेनचं कोरं खोकं करून मागा, माल भरा आणि त्यावर भरलेली खोकी रचून दोन-तीन दिवस गोदामातच ठेवा. चांगला छपाईवाला याला नाही म्हणत नाही.