रताळ्याची वेलकापणी आणि उत्पादन

रताळ्याच्या (आयपोमिया बटाटास) उभ्या पिकातून पाला, शेंडे किंवा वेल काढून घेणे म्हणजे वेलकापणी. कोवळे शेंडे भाजीला, वेल जनावरांच्या वैरणीला आणि २० ते ३० सेंमी. लांबीचे शेंड्याकडील तुकडे पुढच्या लागणीसाठी बेणे म्हणून वापरतात. कापणीने जमिनीखालचे उत्पादन बहुधा घटते. ही घट किती, हे मात्र नुसत्या कापलेल्या पाल्याच्या वजनावरून सांगता येत नाही. वेलाचा कोणता भाग कापला, पीक किती दिवसांचे असताना कापला आणि किती वेळा कापला, यावर ते अवलंबून असते.

रताळे हे अन्न साठवून पोसलेले मूळ असते. ते अन्न पानांत तयार होते आणि शर्करेच्या रूपात वेलातून खाली उतरते. मुळात पोचल्यावर तिचे स्टार्च बनते. लागणीनंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांत काही मुळे जाड होऊ लागतात, बाकीची तंतुमय राहतात. वेलाखाली किती रताळी धरणार हे बरेचसे याच काळात ठरते आणि पुढचे आठवडे ती पोसण्यात जातात. म्हणूनच फार लवकर कापलेल्या पिकात रताळ्यांची संख्या कमी भरते, तर पोसण्याच्या ऐन भरात कापलेल्या पिकात संख्या टिकूनही रताळी बारीक राहतात. दोन्हीकडे वजन कमीच येते, पण नुकसानीची जात वेगळी असते. शेतातली घट कशामुळे आली हे शोधताना नुसते वजन न करता रताळी मोजूनही पाहावीत, ती याचसाठी.

कापलेल्या जागी काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. देठ तुटताच पांढरा चीक येतो आणि थोड्याच वेळात वाळतो. शेंडा गेल्यामुळे त्याच्या मागच्या पेरांवरचे, एरवी दबून राहिलेले डोळे जागे होतात आणि काही दिवसांत बगलेतून नवे फुटवे निघतात. वेल पुन्हा हिरवा दिसला की नुकसान भरून निघाले असे वाटते, पण प्रत्यक्षात याच वेळी पिकाला दुहेरी फटका बसत असतो. जुनी पाने गेल्याने शर्करा कमी तयार होते, आणि जी होते तिच्यावर कोवळे फुटवे हक्क सांगतात. कोवळे पान पुरेसे उलगडेपर्यंत स्वतःच्या वाढीसाठी बाहेरून अन्न घेत असते, ते मुळांना पुरवत नाही. एक कापणी पीक बऱ्याच अंशी पचवते, पण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा कापल्यास प्रत्येक नवा पाला कमावता होण्याच्या आतच निघून जातो आणि मुळांच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

याच कारणाने शेंड्याचा १०-१५ सेंमी. भाग खुडणे आणि वेल बुडापासून कापणे यांत मोठा फरक पडतो. शेंड्यावरची पाने अजून कमावती नसतात. ती गेल्याने तात्काळ तोटा थोडा होतो. बुडापासून कापल्यास कमावती पाने सगळीच जातात. वेल फार दाट झालेल्या शेतात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पर्णक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट पाने आहेत हे प्रमाण, ३ ते ४ च्या आसपास असले की पीक सूर्यप्रकाशाचा जवळजवळ पूर्ण उपयोग करते. त्यापुढची पाने सावलीत पडतात. वेल उचलून पाहिला तर तळाची पाने पिवळी पडून गळताना दिसतात. अशा शेतातून माफक विरळणी केली तर उत्पादनाला फारसा धक्का बसत नाही. जास्त नत्र दिल्याने वेल माजला आणि रताळी धरली नाहीत, अशा पिकात मात्र वेल कापून रताळी वाढतील ही अपेक्षा चुकीची आहे. जमिनीतले नत्र तसेच राहते आणि पीक पुन्हा पालाच काढते.

पानांच्या शुष्क वजनात प्रथिने साधारण १५ ते ३० टक्के असतात, तर रताळ्यात ती ५ टक्क्यांच्या आसपासच भरतात. साहजिकच पाल्याबरोबर शेतातून नत्र मोठ्या प्रमाणात बाहेर जाते, त्याच्या जोडीला पालाशही (पोटॅश). रताळे पोसण्यात पालाशचा वाटा मोठा असल्याने वेल वैरणीसाठी नेणाऱ्या शेतात खतमात्रा केवळ रताळ्यांच्या उत्पादनावरून ठरवणे अपुरे पडते. पाल्याचे आच्छादन गेले की तण वाढते आणि वरंबा तापून भेगाळतो. या भेगांतून सोंड्या भुंगा, म्हणजे रताळे पोखरणारी कीड, रताळ्यापर्यंत पोचतो. कापणीनंतर मातीची भर देऊन भेगा बुजवाव्यात. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात कापणी टाळलेलीच बरी.

सर्व वाणांचा प्रतिसाद सारखा नसतो. काही वाणांचा ओढा मुळांकडे, काहींचा वेलाकडे असतो. दुहेरी उपयोगाचे वाण दोहोंत मध्यम राहतात, पण कापणीनंतर लवकर फुटतात. पाला आणि रताळी मिळून एकूण उत्पन्नाचा हिशेब केला तर रताळ्यांतली थोडी घट परवडूही शकते. विशेषतः पाला खाण्यात किंवा वैरणीत खरोखर वापरला जात असेल तेव्हा.

वेल उचलून दुसऱ्या बाजूला टाकण्याची पद्धत यापासून वेगळी आहे. पेरांपाशी फुटणारी मुळे अन्न वाटून घेतात, या समजुतीने ती केली जाते. मात्र प्रयोगांत तिचा फायदा सातत्याने दिसलेला नाही, आणि पाने उलटीपालटी होऊन मोडतात ते वेगळेच.

काढणीच्या तोंडावर, रताळी पूर्ण पोसल्यानंतर केलेली कापणी सर्वांत कमी तोट्याची असते. काढणीआधी काही दिवस वेल बुडापासून कापून टाकल्यास रताळ्याची साल घट्ट होते, खणताना ती कमी सोलवटते आणि शेतात शिरायलाही मोकळी वाट मिळते. पाऊस लागण्याचा संभव असेल तर हे अंतर लांबवू नये, कारण ओल्या जमिनीत बुडखे पुन्हा फुटतात आणि रताळी कुजू लागतात.