नाच कुणाचा, कुणासाठी : शीख कीर्तन आणि नृत्याच्या वादाची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये पंजाब सरकारच्या एका विभागाने श्रीनगरला कार्यक्रम ठेवला होता. निमित्त होतं शिखांचे नववे गुरू तेगबहादुर यांच्या बलिदानाच्या साडेतीनशेव्या वर्षाचं. काश्मिरी पंडितांचं गाऱ्हाणं ऐकून गुरू दिल्लीला गेले आणि १६७५ मध्ये चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला, त्यामुळे जागेची निवड योग्यच होती. पण मंचावर लोकप्रिय पंजाबी गाणी सुरू झाली, लोक उठून नाचू लागले, आणि त्याच्या चित्रफिती संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचल्या. गायकाने माफी मागितली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खात्याच्या मंत्र्याला अकाल तख्तापुढे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठापुढे, उभं राहावं लागलं आणि तनखाह, म्हणजे धार्मिक प्रायश्चित्त, स्वीकारावं लागलं. गुरुद्वाऱ्यात येणाऱ्यांचे जोडे सांभाळायचे आणि नवव्या गुरूंच्या आठवणी असलेल्या गुरुद्वाऱ्यांकडे जाणारे रस्ते नीट करून घ्यायचे, असं त्या प्रायश्चित्ताचं स्वरूप होतं.

मराठी माणसाला हे वाचून पहिला प्रश्न पडतो तो असा, की देवाच्या दारी नाचलं तर बिघडलं काय? आषाढीला आपण लाखोंना नाचताना बघतो. पण श्रीनगरमध्ये आक्षेप होता तो शोकाच्या स्मरणात मनोरंजन घुसल्याचा. वारीतल्या नाचाशी त्याची तुलना होत नाही. तरीही प्रश्न उरतोच, कारण शोक नसतानाही, अगदी गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या उत्सवाच्या, दिवशीसुद्धा, गुरुद्वाऱ्याच्या दरबारात कुणी नाचत नाही. हे कुठून आलं ते समजून घ्यायला हवं.

गोंधळ सुरू होतो तो 'कीर्तन' या शब्दापासून. आपला कीर्तनकार उभा असतो. मागे टाळकरी पावली घालतात, आणि रंग चढला की बुवाही गिरकी घेतात. 'नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी' ही ओळ नामदेवांची. याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या त्यांच्या घुमान गावी २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा हे नातं अनेकांना नव्याने कळलं. मात्र घुमानचं कीर्तन पंढरपूरच्या कीर्तनाहून वेगळं आहे. तिथे रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, मांडी घालून बसतात, दोघांपुढे पेट्या आणि एकापुढे तबला, बस्स. निरूपण असलं तरी थोडकं. संगत, म्हणजे जमलेले भाविक, खाली बसून ऐकते. फार भरून आलं तर तोंडून 'वाहेगुरू' निघतं, टाळ्या पडत नाहीत. ग्रंथातले नामदेवही एका पदात 'अणमड़िआ मंदलु बाजै' म्हणतात. चामडं न मढवलेला मृदंग वाजतो आहे, तो बाहेरच्या कानाला ऐकू येणारा नाही. एकाच संताच्या नावावरची ही दोन चित्रं आहेत. एकात पाय नाचतात, दुसऱ्यात आतला मृदंग वाजतो, आणि पंजाबने दुसरं चित्र जपलं.

नाचाबद्दलचं सर्वांत कडक वचन आहे 'आसा दी वार'मध्ये. ही रचना गुरू नानकांची आणि काही श्लोक दुसरे गुरू अंगद यांचे. पहाटे, उजाडायच्या आधी, ती गुरुद्वाऱ्यांतून रोज गायली जाते. तिच्या माथ्यावर एका लोकप्रिय पोवाड्याची चाल लिहिलेली आहे, त्या चालीवर ती गायची. म्हणजे लोकसंगीताचं वावडं मुळीच नव्हतं. नांदेडच्या थंडीत शाल लपेटून बसलेली संगत, दिव्यांचा पिवळा उजेड, तबल्याचा मोजका ठेका, आणि त्या ठेक्यावर शब्द येतात :

'वाइनि चेले नचनि गुर। पैर हलाइनि फेरनि सिर।'

चेले वाजवतात, गुरू नाचतात. पाय हलवतात, डोकी फिरवतात. पुढच्या ओळी तर समोर घडल्यासारख्या आहेत. धूळ उडून झिंज्यांत बसते, लोक बघतात, हसतात आणि घरी जातात. भाकरीसाठी हे ताल धरतात, भाकरीसाठी अंग जमिनीवर आपटतात. गोप्या गातात, कान्हे गातात, सीता आणि राजे राम गातात. टीकेचा रोख कुणावर आहे ते इथे उघड होतं. गावोगाव फिरून देवांची सोंगं घेणाऱ्या मंडळ्यांवर तो आहे. सोंग आणि भाकरी या दोन गोष्टी नानकांना खुपल्या आहेत. (गुरूंची भूमिका नटाने करू नये हा आजचा कडक शीख दंडकही मला याच ओळींच्या वळणाचा वाटतो.)

मग नानक जे करतात ते मला फार मोठं वाटतं. ते गरगर फिरणाऱ्या वस्तूंची एक रांगच उभी करतात : तेलाचा घाणा, चरखा, जातं, कुंभाराचं चाक, वाळवंटातल्या वावटळी, भोवरे, रवी, मळणी, दम न घेता घिरट्या घालणारी पाखरं. सगळंच फिरतंय. कर्माने बांधलेला प्रत्येक जण नाचतोच आहे, मग गिरकी घेतली यात विशेष ते काय? आणि शेवट असा : 'नचणु कुदणु मन का चाउ। नानक जिन्ह मनि भउ तिन्हा मनि भाउ।' नाचणं-कुदणं ही मनाची हौस. ज्यांच्या मनी भय, त्यांच्याच मनी भाव.

नाचाच्या विरोधातली बाजू इथे थांबते, पण ग्रंथ इथे थांबत नाही. त्याच आसा रागात नानकांचं आणखी एक पद आहे, अंग (म्हणजे ग्रंथाचं पान) ३५० वर. त्याचं पालुपद 'इतु रंगि नाचहु रखि रखि पाउ', म्हणजे या रंगात नाचा, पाऊल टाकत टाकत नाचा. मती हे वाद्य, भाव हा पखवाज. सत्य आणि संतोष हे दोन टाळ. भय हीच गिरकी.

ही दोन पदं शेजारी ठेवून पाहिली की थक्क व्हायला होतं, कारण शब्द तेच आहेत. एकीकडे 'रोटीआ कारणि पूरहि ताल', दुसरीकडे 'पूरे ताल जाणै सालाह', म्हणजे ज्याला स्तुती कळते त्याचाच ताल पुरा. एकीकडे 'मन का चाउ' ही थिल्लर हौस, दुसरीकडे 'सदा मनि चाउ' हा नित्याचा आनंद. भय आणि भाव तर दोन्हीकडे. नर्तकाचा सगळा साज नानकांनी उचलला आणि आत नेऊन मांडला. नाच टाकून दिला नाही. चारचौघांत उतू जाणाऱ्या देहाकडून त्यांनी तो काढून घेतला आणि मनाच्या हाती दिला.

वाद आहे तो या दुसऱ्या पदाच्या वाचनाचा. नाचाची बाजू घेणारे पालुपदाची ओळ दाखवतात : गुरूंनीच 'नाचा' म्हटलंय. पण शीख परंपरेत पदाचा गाभा 'रहाउ' या खुणेच्या ओळीत शोधायचा असतो, आणि इथली रहाउची ओळ म्हणते, 'होरु नचणा खुसीआ मन माह'. बाकीचं नाचणं म्हणजे मनाची मौज. ही ओळ गाळून पद उद्धृत करणं मला प्रामाणिक वाटत नाही. उलट बाजूने तीच ओळ एकटी उचलून 'नाच निषिद्ध' असा शिक्का मारणं हेही खरं नाही. मौज म्हटलंय, पाप म्हटलेलं नाही. तिसरे गुरू अमरदास जास्त रोखठोक आहेत : 'नचिऐ टपिऐ भगति न होइ', नाचून-उड्या मारून भक्ती होत नाही. मात्र त्यांचंच दुसरं पद 'निरति करी इहु मनु नचाई' असं सुरू होतं. मी नृत्य करतो आणि या मनाला नाचवतो. संतांच्या बोलीत 'निरति' म्हणजे नाच, आणि 'सुरति-निरति' या जोडीत तीच तल्लीनता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्याने अर्थ लावणाऱ्याला आपल्या कलाने झुकायला जागा मिळते. पाचशे वर्षं ती वापरली गेली आहे.

तरीही, माझ्या मते आजच्या काटेकोर शिस्तीमागे ग्रंथाइतकाच, किंबहुना जास्तच, विसाव्या शतकाचा हात आहे.

त्याआधी देहाला थोडी मोकळीक होती. एकोणिसाव्या शतकात लुधियाना जिल्ह्यातल्या भैणी गावातून उठलेल्या पंथाचे लोक शबद, म्हणजे ग्रंथातली पदं, ऐकता ऐकता बेभान व्हायचे. पगड्या सुटायच्या, मोकळे केस भिरभिरायचे, आणि आरोळ्या फुटायच्या. आरोळीला पंजाबीत 'कूक', म्हणून त्यांना 'कूके' हे नाव पडलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी या बेभान डोलण्याकडे संशयाने पाहिलं. १८७२ मध्ये मलेरकोटल्याला त्यांच्यातल्या कित्येकांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. शीख समाजाच्या मुख्य प्रवाहालाही ते डोलणं परकंच वाटलं.

खरा घाव बसला तो महंतांच्या काळात. ऐतिहासिक गुरुद्वारे वंशपरंपरेने महंतांच्या ताब्यात होते आणि जमिनींचं उत्पन्न अफाट होतं. नानकांचं जन्मस्थान ननकाना साहिब. तिथल्या महंताने १९१७ मध्ये गुरुद्वाऱ्यात कलावंतिणींचा नाच ठेवला, अशी तक्रार गावोगाव पसरली आणि सुधारक सभांनी निषेधाचे ठराव केले. २० फेब्रुवारी १९२१ ला त्याच आवारात महंताच्या माणसांनी निःशस्त्र शीख जथ्याची कत्तल केली. त्या पिढीच्या मनात 'गुरुद्वाऱ्यातला नाच' या शब्दांना त्या दिवसाचं रक्त लागलेलं होतं. पुढे १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारे निवडलेल्या समितीकडे आले आणि तीच पिढी आचारसंहिता लिहायला बसली.

ती संहिता १९३० च्या दशकात मसुद्याच्या रूपात फिरली आणि १९४५ मध्ये पक्की झाली. तिच्यात कीर्तनाची व्याख्या आहे : गुरबाणी, म्हणजे ग्रंथातली वाणी, रागात गाणं म्हणजे कीर्तन. संगतीत गायचं ते गुरबाणी आणि तिच्या व्याख्येसारख्या मानल्या गेलेल्या दोन जुन्या कवींच्या रचना, एवढंच. लोकचालीवर किंवा जोडीने गाताना बाहेरची पालुपदं घुसवायची नाहीत, पालुपदही त्या पदातलीच ओळ हवी. नाचाचा उल्लेख येतो तो विवाहाच्या भागात. सेहरा बांधणं, पितरपूजा, दारू यांच्या पंगतीला वेश्यांचा नाच गुरुमताविरुद्ध म्हणून नोंदवला आहे. भक्तीने नाचणाऱ्या माणसावर स्वतंत्र कलम नाही. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोठीवरचा नाच होता, वारकरी नव्हता. हा फरक आजच्या वादात कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते. सुधारकांना दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. त्यांनी जे पाहिलं होतं त्यानंतर दार घट्ट लावून घेणं स्वाभाविक होतं.

फाळणीनंतर आणखी एक गोष्ट घडली. सियालकोट-गुजरांवालाकडचा भांगडा १९५० च्या दशकात मंचावर आला, दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात गेला आणि पंजाबची ओळख बनला. पुढे इंग्लंड-कॅनडात तो शिखांची ओळख बनला. हंगामाचा, शेतकऱ्याचा नाच, कुठल्याही एका धर्माचा नसलेला. पण बैसाखी हा पिकाचाही सण आणि खालसा स्थापनेचाही दिवस. त्यामुळे आपल्या शाळेच्या पुस्तकांत 'शीख बैसाखीला भांगडा करतात' असं वाक्य सर्रास येतं, जणू तो धार्मिक विधी. गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्या शीखाला ते टोचतं. सकाळी दरबारात स्थिर बसलेला माणूस संध्याकाळी शेताच्या बांधावर मनसोक्त नाचतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. जागा वेगळी, काम वेगळं. श्रीनगरमध्ये नेमकी हीच सीमा पुसली गेली होती.

सीमेवर उभी राहिलेली एक गोष्ट आपल्याला जवळून पाहता येते ती नांदेडला. होळीच्या वेळी हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक निघते. घोडे, निशाणं, नगारा, आणि पुढे गतका, म्हणजे शिखांचा शस्त्रखेळ, खेळणारी पोरं. पावलं नगाऱ्यावर पडतात, शरीर गिरकी घेतं, तलवार डोक्याभोवती चक्राकार फिरते. परक्या माणसाला तो नाचच वाटेल. खेळणाऱ्याला तसं म्हटलं तर तो दुखावतो. त्याच्या लेखी तो पैंतरा आहे, आपण ज्याला पवित्रा म्हणतो तो. शस्त्राचा सराव आणि गुरूची सेवा. इथेच संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते, जी अमृतसरच्या लिखित संहितेत बसत नाही, आणि इथले लोक ती आपली जुनी मर्यादा म्हणून निष्ठेने चालवतात. संहिता एक असली तरी देहाला किती वाव द्यायचा याचे जागोजागचे पायंडे वेगळे आहेत.

अलीकडच्या वर्षांत प्रश्न आला आहे तो मोबाइलमुळे. सरोवराच्या काठी गाण्यावर थिरकून छोट्या चित्रफिती काढणाऱ्यांमुळे २०२० च्या सुरुवातीला सुवर्णमंदिराच्या आवारात टिकटॉकला मनाईचे फलक लागले. २०२२ मध्ये तर पेटीच हळूहळू हटवून रबाब, सारंदा, ताऊस ही तंतुवाद्यं परत आणायची सूचना झाली. म्हणजे चर्चा पायांवरून हातांपर्यंत आली आहे : कीर्तनात काय वाजावं इथपर्यंत. तंतुवाद्यं शिकवणारे उस्ताद थोडे आणि शिकायला वर्षं लागतात, त्यामुळे बहुतेक गुरुद्वाऱ्यांत पेटी अजून तशीच आहे. पहाटे तिच्याच सुरावर 'नचणु कुदणु मन का चाउ' गायलं जातं, तबलजीची बोटं ठेका सोडत नाहीत, आणि समोर बसलेल्यांच्या माना किंचित, अगदी किंचित हलत असतात.