साठीनंतरची लॅटिन

पुण्यात निवृत्तीनंतर कोणी लॅटिनचं व्याकरण काढून बसलं, तर ‘आता हे कशाला?’ असं घरचे विचारणारच. विचारोत. मॅट्रिकला शंकरशेट शिष्यवृत्तीच्या आशेने संस्कृतची रूपं घोकलेली, मग नोकरीधंद्यात शिरलेली ही माणसं. त्यांच्या या ओढीला बराच जुना इतिहास आहे.

तो सुरू होतो गोव्यात. पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचणाऱ्या फादर स्टीफन्सने १५८३ साली भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे त्यात त्याने नोंदवलं. पण गाजलं ते कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याचं १७८६ मधलं तिथलं भाषण. संस्कृत ग्रीकहून परिपूर्ण, लॅटिनहून समृद्ध, हा त्याचा अर्धा भाग आपल्याकडे सभासभांतून ऐकू येतो. या तिघी एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती भाषा बहुधा आता उरलेली नाही, हा पुढचा अर्धा भाग मात्र आपण सोयीने गाळतो. लॅटिन हवी ती त्या भागासाठी.

विश्रामबागवाड्यात १८२१ साली निघालेल्या संस्कृत पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८६६ मध्ये तिथे जर्मन संस्कृत पंडित कीलहॉर्न आले. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्यानं दिली. जर्मनीत लाइपझिगला शिकून आलेल्या पां. दा. गुणे यांनी १९१८ मध्ये तौलनिक भाषाशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं. शाळा-कॉलेजांत लॅटिन म्हणजे संस्कृतऐवजी घ्यायचा विषय. या मंडळींच्या लेखी ती त्या हरवलेल्या मूळ भाषेची साक्षीदार होती.

ही साक्ष कशी असते ते पाहू. संस्कृतात लिट् लकारात, म्हणजे एका भूतकाळात, धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं; त्याला द्वित्व म्हणतात. त्यात ‘कृ’चं रूप ‘चकार’. द्वित्व ‘क’चं, मग पुढे ‘च’ कुठून आला? पाणिनीने ‘कुहोश्चुः’ असं सूत्र देऊन नियम सांगितला; कारण सांगणं हे त्याचं काम नव्हतं. आता लॅटिनमधला ‘कादो’ घ्या, म्हणजे ‘मी पडतो’. त्याचा भूतकाळ ‘केकिदी’. द्वित्वात ‘ए’ शिल्लक आहे! संस्कृतातही पूर्वी तिथे ऱ्हस्व ‘ए’ होता. त्याने ‘क’ला टाळूकडे ओढून ‘च’ केलं आणि मग तो स्वतः ‘अ’मध्ये विरघळला. लॅटिनने स्वर जपला, संस्कृतने त्याची खूण.

१८७० च्या दशकात युरोपातल्या अनेकांच्या हे जवळपास एकाच वेळी लक्षात आलं. तोवर संस्कृतचा ‘अ’ हाच मूळ स्वर आणि लॅटिनने त्याचे तुकडे केले, असं मानत. प्रत्यक्षात ‘अजामि’, ‘भरामि’, ‘अष्टौ’ यांसमोर लॅटिनमध्ये ‘आगो’, ‘फेरो’, ‘ओक्तो’ आहेत. तीन स्वर वेगळे होते, ते आपल्याकडे एक झाले. संस्कृत आई उरली नाही, थोरली बहीण झाली, आणि हे काही पुणेकरांना आजही पचत नाही.

पुढे लॅटिन शाळा-कॉलेजांतून जवळजवळ गेलीच. ती टिकली पाद्र्यांच्या शिक्षणात. श्रीलंकेतल्या कँडीची पोपची सेमिनरी १९५५ साली पुण्याला नगर रस्त्यावर आली. १९३९ मध्ये पुन्हा उघडलेल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश आणि भाषाशास्त्र रुजलं. वेद आणि पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता, दोन्हींत मुरलेले म. अ. मेहेंदळे उतारवयातही भांडारकर संस्थेत महाभारताच्या सांस्कृतिक सूचीवर काम करत राहिले. २०२० मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय १०२ होतं. वयाची सबब त्यांच्यामुळे जरा अवघडच झाली.

नव्याने बसणाऱ्याला द्विवचन नाही याचा आनंद होतो. पण तो फार टिकत नाही, कारण तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी लॅटिनमध्ये एकाच विभक्तीने उरकलेली असते. कोणती कुठे, हे संदर्भावरून काढावं लागतं.