तुर्की साहित्य आणि डिजिटल माध्यमे

संगणक, इंटरनेट आणि मोबाइल यांमुळे तुर्कस्तानातील लेखन, प्रकाशन व वाचन यांत, मुख्यतः २००० नंतर, घडून आलेले परिवर्तन.

१ नोव्हेंबर १९२८ रोजी अरबी लिपीऐवजी लॅटिन वर्णमाला स्वीकारणारा कायदा झाला आणि पुढच्या पिढ्यांना आपल्याच आजोबांच्या काळातील छापील मजकूर वाचता येईनासा झाला. हा तुटलेला दुवा सांधणे हे डिजिटल तंत्राचे सर्वांत मोलाचे कार्य मानावे लागेल. इस्तंबूलच्या बेयाझित ग्रंथालयातील हक्की तारिक उस यांचा उस्मानी (ऑटोमन) काळातील नियतकालिकांचा संग्रह टोकियोतील एका विद्यापीठाच्या सहकार्याने इंटरनेटवर आला. ‘विकिलाला’सारख्या संग्रहांत तर अशा मजकुरातील नेमका शब्दही शोधता येतो. हे काम सोपे नाही. जुन्या लिपीत स्वर पुरतेपणी लिहिले जात नसल्याने ‘ओल्दू’ (झाला) आणि ‘अ‍ॅल्द्यू’ (मेला) हे शब्द सारखेच दिसतात, आणि यंत्राला संदर्भावरून निवड करावी लागते.

नव्या लेखनात ‘तेफ्रिका’ म्हणजे वृत्तपत्रातील क्रमशः कादंबरी ही जुनी परंपरा वेगळ्या रूपाने परतली. सबाहत्तिन अली यांची ‘क्युर्क मान्तोलू मादोन्ना’ १९४०-४१ मध्ये ‘हकीकत’ या दैनिकातून क्रमशः येऊन १९४३ मध्ये पुस्तकरूप झाली. ‘वॉटपॅड’ या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्या, बहुतांशी किशोरवयीन आणि तरुण, लेखक-लेखिकाही प्रकरणे एकामागून एक देतात, मात्र येथे वाचक परिच्छेदागणिक अभिप्राय नोंदवतो आणि पुढचे प्रकरण लिहिले जाण्यापूर्वीच ते लेखकापर्यंत पोहोचतात. बुश्रा यिल्माझ यांच्या तेथील कादंबरीचे पुस्तक निघाले व २०१७ मध्ये त्यावर चित्रपट आला. प्रकाशकांना ठाऊक नसलेला मोठा तरुण वाचकवर्ग यातून पुढे आला. त्याला उथळ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

समाजमाध्यमांमुळे कवितेच्या सुट्या ओळी घरोघरी पोहोचल्या, पण कोणती ओळ कोणाची याचा घोळही वाढला. १९९९ मध्ये निधन पावलेले कवी जान युजेल यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेल्या कविता फिरत असतात, आणि वाचकांना मूळ संग्रह उघडून खातरजमा करावी लागते.

जुलै २०२४ मध्ये तुर्कस्तानात ‘वॉटपॅड’वर बंदी आली, तेव्हा छापल्या न गेलेल्या कथा आणि त्यांच्या समासातील वाचकांचे अभिप्राय, दोन्हींची वाट एकदमच अडली.