डागणीने बैलाचा सांधा बरा होतो का?

लंगडणाऱ्या बैलाच्या सुजलेल्या सांध्यावर तापलेल्या लोखंडाने डाग दिला की आतला दोष जळून जातो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. डागणीनंतर बैल सुधारताना अनेकांनी खरोखर पाहिला आहे. परंतु डागलेल्या बैलाला काही दिवस जुंपत नाहीत, आणि साधा मुरगळलेला सांधा बहुधा त्या विश्रांतीनेच बरा होतो. भाजते ती कातडी. तिथे जखम चिघळते, अळ्या पडतात आणि मुका जीव विनाकारण वेदना सोसतो.

गुरांचे लंगडणे बहुतांशी खुरातून सुरू होते, म्हणून आधी खूर धुऊन फटीत खडा, काटा किंवा जखम आहे का ते पाहावे. मग दोन्ही पायांचे तेच सांधे हाताने चाचपून उष्णतेतला फरक ताडावा आणि सुजेचा घेर दोरीने रोज मोजावा. सांधा गरम लागला किंवा जनावर पाय टेकेनासे झाले, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.